फोटो विकला म्हणजे नेमकं काय विकलं?



व्याख्यान गुलमंडीवर आणि विषय स्टॉक फोटोग्राफी, हे ऐकून संयोजकांपैकी दोघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस या फंदात कसा पडला?" कारण साधं आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा इथे जवळच राहतो. फोटो फार चांगले काढतो. काही वर्षांपूर्वी तो आपले फोटो परदेशी संकेतस्थळांवर विक्रीला ठेवायला लागला. दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पावसाळ्यातलं म्हैसमाळ, झालंच तर दिवाळीच्या आदल्या दिवशीची गुलमंडी. सुरुवातीला बरे पैसे यायचे, कॅमेऱ्याचा हप्ता निघायचा. मध्यंतरी तो घरी आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. एक फोटो विकला गेला होता. जेवढे आले होते तेवढ्यात खालच्या टपरीवरचा चहासुद्धा आला नसता. म्हणाला, "सर, या धंद्याला भविष्य आहे का?"

मी म्हटलं, "भविष्य मला सांगता येत नाही, भूतकाळ थोडा सांगता येईल. पण आधी तू मला सांग, तो फोटो विकलास म्हणजे तू नेमकं काय विकलंस?" तो हसला. कागद दिला नाही, काच दिली नाही, फिल्म दिली नाही, फोटो तर अजून त्याच्याकडेच आहे. मग विकलं काय? आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

आधी स्टॉक फोटो म्हणजे काय ते समजून घेऊ. गुलमंडीवर बसलोय, तर कापडाचंच उदाहरण घेतो. शिंप्याकडे जाऊन माप दिलं, त्याने शर्ट शिवला, तो तुमचा. लग्नाचा फोटो हा असा मापाचा शर्ट आहे. तुम्ही सांगितलं म्हणून काढला, तुमच्याशिवाय त्याला गिऱ्हाईक नाही. स्टॉक फोटो हा रेडिमेड. काढणाऱ्याला गिऱ्हाईक माहीत नसतं. तो अंदाजाने शिवून ठेवतो, दुकानात लटकवतो आणि कोणाला तरी बसेल म्हणून वाट बघतो. वर्तमानपत्र, जाहिरात कंपनी, पाठ्यपुस्तक मंडळ, बँकेचं माहितीपत्रक, ज्याला लागेल तो घेतो. फरक एवढाच की रेडिमेड शर्ट एकदाच विकला जातो आणि फोटो हजारदा विकता येतो. या धंद्याचं सगळं सुख आणि सगळं दुःख याच फरकात आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. हा धंदा अमेरिकेत सुरू झाला असं आपण समजतो. पण न मागितलेलं चित्र तयार करून अनोळखी गिऱ्हाइकाला विकायचं, हे आपल्या अजिंठ्याच्या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वीच झालं आहे.

रॉबर्ट गिल हे नाव इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, पण बहुतेक वेळा पारूच्या गोष्टीमुळे. ती गोष्ट आज बाजूला ठेवू. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. कॅनव्हासवर, तैलरंगात, मोठ्या आकारात. वर्षानुवर्षं त्याने हे काम केलं. चित्रं लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला लावली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या आगीत त्यातली बहुतेक जळून गेली. म्हणजे बघा, आयुष्यातली वीस वर्षं एका आगीत गेली.

पण गिलने आणखी एक उद्योग केला होता. १८५० च्या दशकात त्याने कॅमेरा हातात घेतला. अजिंठा, वेरूळ आणि आसपासच्या वास्तूंचे फोटो काढले. त्यातले बरेच स्टिरिओ पद्धतीचे, म्हणजे दोन जवळजवळ सारखे फोटो शेजारी लावायचे आणि एका छोट्या यंत्रातून बघायचे, की दगड उठून समोर येतात. १८६४ साली लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या ७४ फोटोंचं पुस्तक काढलं. प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवलेले. त्याच वर्षी १०० स्टिरिओ फोटोंचं दुसरं पुस्तकही आलं. ते कोण विकत घेणार हे गिलला अजिंठ्यात बसून माहीत असणं शक्य नव्हतं. लंडनमधलं एखादं घर, जिथल्या कोणी हिंदुस्थान पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

तर प्रश्न असा, की त्या घराने पैसे कशाचे मोजले? पोहोचण्याचे. एक माणूस तिथे गेला, राहिला, जड कॅमेरा आणि काचा घेऊन डोंगरात चढला. त्याच्या पोहोचण्यालाच किंमत होती. हा फोटोच्या किमतीचा पहिला आधार. याला आपण "पोहोच" म्हणू.

दुसरा आधार कळण्यासाठी सॅम्युअल बोर्न बघा. १८६३ साली हा हिंदुस्थानात आला, हमालांच्या मोठ्या तांड्यासह हिमालयात गेला. तेव्हाची ओली काच म्हणजे काय प्रकार होता माहीत आहे का? काचेवर रसायन लावायचं, ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच धुवायचा. म्हणजे डार्करूम पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. बोर्न अँड शेफर्ड या कंपनीने या काचांना क्रमांक दिले आणि त्यांची यादी छापली. गिऱ्हाईक यादी बघायचं, क्रमांक सांगायचं, छाप मिळायचा. आजच्या संकेतस्थळांवर आपण याहून वेगळं काय करतो? आणि गंमत म्हणजे बोर्न १८७० च्या सुमारास मायदेशी परत गेला, पण कंपनी त्याच्या काचांवरून छाप काढून पुढे अनेक वर्षं विकत राहिली. माणूस गेला, काच कमावत राहिली. हा दुसरा आधार, "काच", म्हणजे निगेटिव्ह. ज्याच्या कपाटात ती, त्याची कमाई.

आपल्या भागाच्या दृष्टीने या पिढीतलं सगळ्यात मोठं नाव लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्यात. शिक्षण रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबादला स्टुडिओ काढला, १८९६ साली मुंबईलाही काढला. निजामाने त्यांना राजा आणि मुसव्विर जंग असे किताब दिले. निजामाच्या मुलखाच्या दृश्यांचे त्यांचे जे अल्बम आहेत त्यात आपला मकबरा आहे, वेरूळ आहे. आज १८८०-९० च्या दशकातला मकबरा कसा दिसत होता हे आपल्याला दिसतं ते दीनदयाळ यांच्या काचेमुळे. १९०५ साली ते वारले. त्यांच्या २,८५७ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

पण दीनदयाळ यांच्या धंद्याचा पाया कुठे होता? दरबार, शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती, मोठ्या लोकांची व्यक्तिचित्रं. म्हणजे मापाच्या शर्टावर. मकबऱ्याचं दृश्य ही त्याच्या जोडीची कमाई. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

याच काळात दुसरं एक तंत्र आलं, छापण्याचं. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरात पोहोचल्या. चित्रकाराला मात्र छापखाना परवडला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो त्यांच्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला, आणि तीच चित्रं छापून छापखाना पुढे कित्येक दशकं चालला. दादासाहेब फाळके यांचंही बघा. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, जमला नाही. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं, रविवर्मा छापखान्यासाठी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, तोही सोडावा लागला. मग १९१३ साली "राजा हरिश्चंद्र". आपण फाळक्यांची गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती एका पेशाची पण गोष्ट आहे. चित्र काढणाऱ्या माणसाला दर दहा वर्षांनी कळत होतं, की काल ज्याचे पैसे मिळत होते त्याचे आज मिळत नाहीत.

आता समुद्र ओलांडू, कारण तिसरा आधार तिकडे तयार झाला. १९३५ साली ओटो बेटमन नावाचा ज्यू ग्रंथपाल नाझी जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला आला. बरोबर चित्रांनी भरलेल्या ट्रंका. पुढच्याच वर्षी त्याने संग्रह सुरू केला. त्याने चित्रं विकली नाहीत, वापरण्याची परवानगी विकली. एका पुस्तकासाठी एकदा, एवढ्या आकारात, एवढे पैसे. दुसऱ्यांदा वापरलंत, पुन्हा पैसे. हा तिसरा आधार, "हक्क". इथे वस्तू गायब झाली बरं का. विकलं जातंय ते एक वचन आहे, की तुम्ही हे वापरलंत तर मी कोर्टात जाणार नाही.

आपल्याकडे हा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. त्यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा, काढणाऱ्याचा नाही. म्हणजे मापाच्या शर्टाचा हक्क गिऱ्हाइकाचा आणि रेडिमेडचा शिंप्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हा हक्क टिकतो. म्हणून स्टॉक फोटोत लोकांना पेन्शन दिसली. आज काढा, म्हातारपणी खा.

ही पेन्शन काही जणांना खरोखर मिळाली. तुमच्यापैकी ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी संगणक वापरला असेल त्यांनी एक हिरवी टेकडी आणि निळं आभाळ हजारदा पाहिलं असेल. विंडोज एक्सपी सुरू केलं की पडद्यावर यायचं. तो फोटो चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढला. कोणी सांगितलं नव्हतं. फोटो साठ्यात पडून राहिला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टने तो घेतला. किती पैसे दिले हे करारामुळे त्यांनी उघड केलं नाही, पण रक्कम मोठी होती हे सगळे मानतात. न मागितलेल्या फोटोला आलेलं हे मोठं फळ.

मात्र ओरिअर यांना टेकडी दिसली त्याच सुमारास या धंद्याची पडझड सुरू झाली होती. १९९५ साली गेटी कंपनी निघाली आणि तिने लहान-मोठे संग्रह विकत घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीने बेटमनचा संग्रह घेतला. पुढे त्या फिल्म आणि काचा खराब होऊ नयेत म्हणून पेनसिल्व्हेनियात चुनखडीच्या खाणीत, जमिनीखाली थंडीत नेऊन ठेवल्या. आपल्याकडे लेण्यातलं बाहेर आणायला गिल आला होता, तिकडे बाहेरचं लेण्यात नेऊन ठेवलं.

आणि मग २००० साली कॅनडात कॅलगरीला आयस्टॉकफोटो सुरू झालं. आधी फोटोंची फुकट देवाणघेवाण, मग एका फोटोला २५ सेंट. २००३ साली शटरस्टॉक निघालं. त्याच्या संस्थापकाने स्वतःच काढलेल्या सुमारे ३०,००० फोटोंवर दुकान मांडलं आणि महिन्याची वर्गणी ठेवली. हवे तेवढे घ्या. याला मायक्रोस्टॉक म्हणतात. २००६ साली "वायर्ड" मासिकात या बदलावर एक लेख आला होता. एका संग्रहालयाला आजारी माणसांचे फोटो हवे होते. व्यावसायिक छायाचित्रकार सवलत देऊन एका फोटोचे शंभर-दीडशे डॉलर सांगत होता, आणि आयस्टॉकवर तसाच फोटो डॉलरच्या आसपास मिळत होता. संग्रहालयाने काय केलं असेल? तुम्ही-आम्ही काय केलं असतं? त्याच वर्षी गेटीने आयस्टॉक ५ कोटी डॉलरला विकत घेतलं.

चौथा आधार हा असा तयार झाला, "संख्या". एका फोटोचे पैसे नाहीत, पण दहा हजार फोटो टाका, थेंबे थेंबे तळे साचे. आपला विद्यार्थ्याचा मुलगा या तळ्यावर आला. पण तळ्यात थेंब टाकणारे लाखो झाले आणि पाणी वाटणारे दोन-तीन. २०१३ साली अनस्प्लॅश आलं, तिथे फोटो चक्क फुकट. २०१९ साली गेटीने जाहीर केलं, की वापरानुसार पैसे घेण्याची जुनी पद्धत आपण बंद करत आहोत. २०२० साली शटरस्टॉकने छायाचित्रकारांचा वाटा १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्यांवर आणला आणि दर १ जानेवारीला सगळ्यांना पुन्हा खालच्या पायरीवर उभं केलं. तुम्ही वीस वर्षं काम केलेलं असा, की कालच आलेला असा. पेन्शन म्हणून जे सुरू झालं होतं त्याची अशी रोजंदारी झाली.

यानंतर यंत्र आलं. २०२२ साली वाक्य लिहिलं की चित्र तयार करणाऱ्या प्रणाली लोकांच्या हातात आल्या. ही यंत्रं शिकली कशावरून? फोटोंवरूनच. शटरस्टॉकने आपला साठा ओपनएआयला परवान्यावर दिला आणि छायाचित्रकारांसाठी एक निधी काढला. गेटीने उलट वाट धरली. आपले १ कोटी २० लाखांहून जास्त फोटो न विचारता वापरले, असा आरोप करून २०२३ साली स्टॅबिलिटी एआयवर दावे लावले. लंडनच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला. यंत्राला शिकवण्याचं काम ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा नसल्यामुळे तो मुद्दा गेटीने आधीच सोडला होता. उरलेल्या मुद्द्यावर न्यायालय म्हणालं, की या यंत्रात फोटो साठवलेले नाहीत, त्यामुळे यंत्र ही फोटोंची बेकायदा प्रत ठरत नाही. काही चित्रांवर गेटीची खूण उमटली होती, तेवढ्यापुरता बोधचिन्हाचा भंग मान्य झाला. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येत असल्याची घोषणा केली. बाजारातले दोन मोठे व्यापारी एक होतात तेव्हा काय समजायचं, हे गुलमंडीवर मी सांगायला नको.

आपल्याकडेही हा वाद आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दावा लावला. तो फोटोंचा नाही, बातम्यांचा आहे, पण प्रश्न तोच, की दुसऱ्याच्या श्रमावर यंत्र शिकलं तर मोबदला कोणाचा?

आता मी माझ्या घरात येतो, म्हणजे तत्त्वज्ञानात. दहा मिनिटं सहन करा.

आपल्याकडे वैशेषिकांनी सामान्य आणि विशेष असे दोन पदार्थ मानले. अनेक गाईंमध्ये जे एक गाईपण आहे ते सामान्य. विशेष ही संज्ञा शास्त्रात फार काटेकोर आहे, नित्य द्रव्यांपुरती. मी ती इथे सैल अर्थाने वापरतो, म्हणजे ही गाय, हीच गाय. आता स्टॉक फोटो आठवा. हात मिळवणारे दोन व्यापारी. लॅपटॉपकडे बघून हसणारी मुलगी. शेतात उभा असलेला शेतकरी. यातला शेतकरी कोण? कोणीच नाही. तो कोणी असता तर फोटो विकला गेला नसता. बँकेला सोयगावचा अमुक शेतकरी नको असतो, तिला शेतकरीपण हवं असतं. स्टॉक फोटोग्राफीने शंभर वर्षं सामान्य विकलं. आणि यंत्राला नेमकं सामान्यच उत्तम जमतं, कारण लाखो गाई बघून गाईपण काढायचं, हेच तर ते करतं. तेव्हा हात मिळवणाऱ्या व्यापाऱ्यांचा फोटो काढून पोट भरणाऱ्याला मी खोटी आशा दाखवणार नाही. ते दुकान मिटतंय.

मग विशेषाचं काय? यंत्राला गुलमंडीचं चित्र मागा. कमानी, गर्दी, रंगीत कापडं, सुंदर चित्र देईल. फक्त ती गुलमंडी नसेल. असा कुठलाही बाजार जगात नसेल. विशेष तयार करता येत नाही, ते घडावं लागतं आणि ते घडताना कोणीतरी तिथे असावं लागतं.

इथे शंका येते. सर, बघणाऱ्याला फरक कसा कळणार? बरोबर. यावर नैयायिकांची मदत घेऊ. धूर दिसला की आपण अग्नीचं अनुमान करतो, कारण धूर अग्नीशिवाय नसतो. फोटोला आपण दीडशे वर्षं असंच धूर मानलं. फोटो आहे म्हणजे ती वस्तू होती, प्रकाश तिच्यावरून येऊन काचेवर पडला. फोटो काढणारा कोण, खरा की लबाड, हे विचारायची फारशी गरज पडत नव्हती. लबाडी तेव्हाही व्हायची, पण अपवादाने. आता धूर अग्नीशिवाय निघायला लागला. व्याप्ती मोडली. मग अनुमान गेलं. उरलं काय? शब्दप्रमाण. म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. आता फोटो खरा ठरतो तो फोटोमुळे नाही. अमुक माणूस सांगतो की मी तिथे होतो, अमुक दिवशी, अमुक वेळी, आणि त्या माणसावर आपला विश्वास आहे, म्हणून तो खरा ठरतो. कॅमेरा कंपन्यांनाही हे कळलं आहे. २०२३ साली लायकाने असा कॅमेरा आणला जो फोटो काढतानाच तो कुठल्या कॅमेऱ्यातून कधी आला याची नोंद फोटोला जोडतो. पण ही नोंदसुद्धा शेवटी साक्षच आहे, पुरवणी साक्ष. हा पाचवा आधार, "साक्ष".

पोहोच, काच, हक्क, संख्या, साक्ष. फोटोच्या कमाईचा इतिहास म्हणजे किमतीचा पाया असा एकेका दगडावरून दुसऱ्यावर सरकत गेल्याचा इतिहास.

पण थांबा. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे टाळी घेऊन बसायचा मोह होतो, की साक्षीला मोल आहे, म्हणून भविष्य उज्ज्वल आहे. तसं नाही. मोल आणि किंमत या दोन गोष्टी आहेत. साक्षीला मोल आहे, पण गिऱ्हाईक किती? बँकेला साक्ष नको, तिला शेतकरीपण पुरतं आणि ते आता फुकट मिळतं. म्हणून मी त्या मुलाला स्पष्ट सांगितलं. साठ्यातून पोट भरण्याचा काळ सुमारे नव्वद वर्षांचा होता, बेटमनच्या ट्रंकांपासून आजपर्यंतचा, आणि तेव्हाही पोट थोड्यांचंच भरलं. त्याआधी दीनदयाळ जगले ते मापाच्या कामावर. तूही मापाचं काम धर. लग्नं आहेत, कारखाने आहेत, वाळूजच्या कंपन्या आहेत. साठा जोडीला ठेव.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे सर, पण मग दिवाळीच्या गर्दीचा फोटो मी कशाला काढू? तो तर कोणीच मागितलेला नाही."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आज इथे बोलायला उभा राहिलो ते यासाठीच. गिलचे अजिंठ्याचे फोटो आज आपल्याला का लागतात? कारण नंतर निजाम सरकारने आणि पुरातत्त्व खात्याने लेण्यांची डागडुजी केली. त्याआधी लेणी कशी होती हे ते फोटो सांगतात. दीनदयाळ यांच्या मकबऱ्याचंही तेच. ही चित्रं तेव्हा कोणाच्या मापाची नव्हती. कोणीतरी घेईल या आशेवर काढली गेली. ती आशा वेडी असेल, पण त्या वेडाने शहरांची आठवण शिल्लक ठेवली. स्टॉकची कमाई थांबली तर नुकसान फक्त फोटोग्राफरचं नाही. न मागितलेला फोटो काढायचं कारणच संपतं. मग शहराकडे उरतात लग्नं, उद्घाटनं आणि सेल्फी. साध्या मंगळवारची गुलमंडी कोणाकडेच नसते.

मी लहान असताना इथल्या एका तसबिरीवाल्याकडे स्टुडिओतल्या जुन्या काचा धुऊन देवांच्या तसबिरींना लावलेल्या पाहिल्या आहेत. तेव्हा काच महाग होती आणि वरचा चेहरा स्वस्त. कोणाचे चेहरे धुतले गेले, कुठली गल्ली धुतली गेली, आता सांगता येणार नाही. त्या तसबिरीवाल्याला मी दोष देत नाही. काच त्याने पैसे देऊन घेतली होती. चेहऱ्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जिथे बाजार गिऱ्हाईक होणार नाही तिथे गावाने गिऱ्हाईक व्हावं. आपल्या शहरात वाचनालयं आहेत, महाविद्यालयं आहेत, विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे, महापालिका आहे, व्यापारी संघ आहेत. त्यांनी वर्षाला थोडे फोटो विकत घ्यावेत. फुकट मागू नयेत, विकत घ्यावेत. फोटोच्या मागे जागा, तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव असावं. हक्क काढणाऱ्याकडेच राहावा. करारात तसं लिहावं, नाहीतर सांगून काढून घेतलेल्या फोटोचा हक्क कायद्याने आपल्याकडे येतो, हे मघाशी सांगितलंच. बंद पडणाऱ्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह भंगारात जाण्याआधी मागून घ्याव्यात. याला लाखो रुपये लागत नाहीत. एका गणेश मंडळाच्या मांडवाला लागतात त्याहून कमी लागतील.

आणि आपल्या मुलाला मी काय सांगितलं? त्याच्याकडून दिवाळीच्या गर्दीचा तो फोटो मी विकत घेतला. रीतसर, पावती घेऊन. मागे त्याच्या अक्षरात लिहून घेतलं, कुठे उभं राहून काढला, किती वाजता. रक्कम सांगत नाही, पण चहापेक्षा जास्त होती. तो फोटो व्याख्यान संपल्यावर बाहेर टेबलावर ठेवलेला आहे. बघून जा. तुमच्यापैकी काही जण त्या गर्दीत असाल.